पाण्याची चावी

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री घरात पाणी भरून ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. बंब चिंच लावून लख्ख घासायचा, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालायची, हळदकुंकवाची बोटे ओढायची आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी तो काठोकाठ भरून ठेवायचा. शहरातल्या घरांतून बंब गेला, गीझर आला. तरी त्या रात्री निदान एक कळशी भरून तिला कुंकू लावणाऱ्या गृहिणी अजून आहेत. लक्ष्मीपूजनाच्या थाटापुढे ही पूजा अगदीच साधी. पण मला ती अधिक जवळची वाटते. लक्ष्मी रुसली तर माणूस उधारीवर चार दिवस काढील. पाणी रुसले, तर उधार मागायलाही घशाला कोरड पडते.

मी डहाणू तालुक्याच्या पूर्वेला, तलासरीच्या शिवेला लागून असलेल्या एका गावात शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराला शेवटाची भारी ओढ असते. गावात नळाचे पाणी येण्याची कादंबरी मी लिहायला घेतली असती, तर पहिल्या प्रकरणात डोक्यावर चुंभळ आणि चुंभळीवर दोन हंडे घेऊन उन्हात टेकडी चढणारी बाई आली असती आणि शेवटच्या प्रकरणात नळाची तोटी. नारळ फुटतो, फीत कापली जाते, पोरे पाण्याखाली हात धरतात, म्हातारीच्या डोळ्यांत आसवे येतात, समाप्त! पण इतकी वर्षे इथे काढल्यावर मला उमजले आहे, की ती कादंबरी जिथे संपते तिथूनच खरी गोष्ट सुरू होते. नळ येणे हे लग्न. नळ चालणे हा संसार. लग्नाला सारे जमतात. संसाराला कोण असते, ते ज्याचे त्याला ठाऊक!

मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशाचे डहाणू निराळे असते. समुद्राची गार हवा, इराण्यांच्या वाड्या आणि घोलवडचे चिकू. या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हालाही अभिमान वाटला. पण रेल्वेच्या रुळांकडे पाठ करून पूर्वेला निघाले, की दुसरे डहाणू लागते. चढउताराची जमीन, साग-ऐनाची राने, भाताची खाचरे आणि एका गावाच्या नावाखाली टेकड्याटेकड्यांवर विखुरलेले पाडे. वस्ती बहुतेक वारल्यांची. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या जवळ आल्या; टेकड्या मात्र होत्या तिथेच राहिल्या.

इथे पाऊस कमी पडतो असे कुणी म्हणू नये. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळते. नवखा पाहुणा आषाढात आला, तर 'तुमच्याकडे पाण्याची टंचाई?' म्हणून आमची थट्टा करील. त्याने होळीनंतर यावे. आमच्या पायाखाली काळा कातळ आहे. पाणी मुरते ते त्याच्या फटींत, भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. उरलेले उतारावरून धावत ओढ्याला, ओढ्यातून नदीला आणि नदीतून समुद्राला मिळते. पाऊस आमच्याकडे येतो तो पाहुण्यासारखा. गडबड करतो, अंगण भरून टाकतो आणि मुक्काम मात्र करीत नाही. चैत्रात ओढ्याच्या वाळूत बायका वाटीने झिरा उपसत बसतात. एक हंडा भरायला किती वेळ लागतो, हे घड्याळ नसलेल्या बाईलाही बरोबर सांगता येते. कारण तिच्यामागे रांगेत बसलेली दुसरी ते मोजत असते.

पाणी हा नुसता निसर्गाचा प्रश्न कधीच नव्हता. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत घेतले. आमच्या भागातही, 1945 च्या मे महिन्यात, तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले आणि सावकार-जमीनदारांची वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. गावाचे नाव झरी असावे, हे मला फार सूचक वाटते. हक्क आधी असाच कुठेतरी झऱ्यासारखा फुटतो. पण झरा फुटला म्हणजे पाणी घरी आले असे होत नाही. त्याला पाट काढावा लागतो आणि पाट रोज साफ ठेवावा लागतो. मी सांगणार आहे ती या दुसऱ्या, बिनटाळ्यांच्या कामाची हकीकत.

आमच्या गावाची जुनी योजना साधीच होती. ओढ्याकाठी विहीर, तिच्यावर पंप, मधल्या टेकाडावर विटांची टाकी आणि पाड्यांवर चार नळकोंडाळी. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे हादरे सुरू झाले. धुंदलवाडीचे नाव तेव्हा वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले असेल. 2019 च्या फेब्रुवारीत तर चार रिश्टरच्या वरचा धक्का बसला. लोक थंडीत घराबाहेर झोपत. आम्ही शाळा अंगणात भरवीत असू. त्या दिवसांत आमच्या टाकीला तडे गेले. भिंतीतून पाणी पाझरू लागले, खाली शेवाळ धरले. टाकी भरावी तो ती रात्रीत निम्मी होई. कुणी सिमेंट चोपडले, कुणी डांबर लावले. पण तडा गेलेल्या टाकीची समजूत अशी घालता येत नाही.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जल जीवन मिशनची घोषणा झाली : खेड्यातल्या प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर शुद्ध पाणी. मुदत प्रथम 2024 ची होती. ती पुढे 2025 च्या अर्थसंकल्पात 2028 पर्यंत वाढवण्यात आली. यथावकाश आमचीही पाळी आली. सिमेंट-काँक्रीटची 30,000 लिटरची नवी टाकी झाली, विहिरीचा गाळ निघाला, घरोघर निळ्या-काळ्या नळ्या पोचल्या. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचाच होता. शंभर घरे, घरटी पाच माणसे, माणशी 55 लिटर. म्हणजे रोज 27,500 लिटर. तीन अश्वशक्तीचा पंप तीन तास चालला की टाकी भरते. कागदावर हे गणित इतके सुरेख सुटले, की मी ते सहावीच्या मुलांना फळ्यावर घातले. उत्तर सगळ्यांचे बरोबर आले. फक्त वरच्या पाड्यावर पाणी आले नाही.

वरचा पाडा म्हणजे टेकडीच्या माथ्यावरची अठरा घरे. पाणी बापडे कुणाचा पक्षपात करीत नाही. ते उंचावरून खाली येते, एवढेच त्याला कळते. दहा मीटर उंचीचे पाणी नळाच्या तोंडी दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब देते. वरच्या पाड्याची घरे टाकीच्या पाण्याहून जेमतेम दोन हात खाली. त्यातून खालच्या पाड्यात तोट्या उघड्याच. कुणाच्या पुढच्या दारी वालाचा मांडव, कुणी नळाला टुल्लू पंप लावलेला. वरच्या घरांतले नळ सकाळी फुसफुस करीत, चार थेंब टाकीत आणि गप्प होत. त्या घरांतल्या बायका नळावर ओले कपडे वाळत घालू लागल्या.

आता चावीवाल्याची ओळख करून देतो. सरकारी भाषेत तो पाणीपुरवठा कर्मचारी आणि जलसुरक्षक. गावाच्या तोंडी 'पाणीवाला'. पंचविशीतला वारली तरुण, माझाच जुना विद्यार्थी. लोखंडी टी-आकाराची लांब चावी खांद्यावर टाकून तो पहाटे निघतो. पंप चालू करतो, टाकीवर चढून पातळी बघतो, मग एकेका पाड्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठरल्या वेळी बंद करतो. नळी फुटली तर चिखलात उतरून रबर बांधतो. रात्री वीज आली तर रात्री उठतो. गावात सरपंच एक आणि शिव्या खाणारा एक. हा दुसरा मान त्याचा.

पण त्याचे सर्वांत मोठे काम कुणाच्या दृष्टीस पडत नाही. ते आहे टीसीएल पावडरचे. चांगल्या ब्लीचिंग पावडरीत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास क्लोरिन असतो. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने आमच्या टाकीला 75 ग्रॅम लागते. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की दुप्पट. पावडर तशीच टाकीत फेकायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी टाकीत सोडायचे आणि निदान अर्धा तास थांबायचे. मग टोकाच्या घरच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ओटी टेस्टच्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले की क्लोरिन टोकापर्यंत पोचला. लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी शिल्लक असावा, असा दंडक आहे. पावडरीचे पोते उघडे राहिले, ओल लागली, की तिचे सत्त्व उडून जाते. मग ती चुन्याइतकीच उपयोगाची. हे त्याला कुणी एकदा शिकवले आणि त्याने ते धरून ठेवले. वर्गात मात्र त्याला दशांश अपूर्णांक कधी जमले नव्हते!

मी मुलांना 1854 च्या लंडनची गोष्ट सांगतो. ब्रॉड स्ट्रीटवर पटकीने माणसे पटापट मरत होती. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने घरोघर विचारपूस करून दाखवून दिले, की आजार एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवतो आहे. आणि त्या पंपाचा दांडा काढवला. गोष्ट संपली की मी खिडकीतून टाकीकडे बोट करतो. मुले हसतात, कारण टाकीच्या शिडीवर त्यांच्या ओळखीचा कुणाचा तरी काका बादली घेऊन चढत असतो. डॉक्टर मोठा होता हे त्यांना पटते. बादलीवालाही त्याच कामात आहे, हे पटायला वेळ लागतो. मोठ्या माणसांना तर अधिकच.

गेल्या उन्हाळ्यात हा पाणीवाला माझ्याकडे आला. चार महिने पगार नव्हता. "गुरुजी, वापीच्या कंपनीत बोलावलंय. गाडी तलासरीवरून नेते, संध्याकाळी सोडते," तो म्हणाला. मी विचारले, "आणि चावी?" त्याने चावी माझ्या ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवली. "तुम्हीच सांगा कुणाला देऊ." माझ्यापाशी उत्तर नव्हते. वापीचा रोज गावच्या पगारापेक्षा कितीतरी मोठा होता आणि त्याच्या घरी दोन लेकरे होती. त्याग करावा असे दुसऱ्याला सांगण्यासारखे सोपे काम जगात नाही. मास्तरांना तर त्याची सवयच असते. मी तेवढे टाळले आणि सरपंचबाईंकडे गेलो.

पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या तरी बायका असाव्या लागतात. कागदावर त्या होत्याच. त्या ग्रामसभेला प्रत्यक्षही आल्या. वहीतला हिशेब सर्वांपुढे वाचला. पाणीपट्टी घरटी महिना 50 रुपये. शंभर घरांचे 5,000. विजेचे बिल दीड हजार, पावडर आणि किरकोळ सामान तीनशे, पाणीवाल्याचे तीन हजार. म्हणजे सारी घरे भरतील तर 200 रुपये शिल्लक. आणि भरत होती चाळीस. अशात एकदा मोटर जळली, की वहीच बंद करायची! वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग वरच्या पाड्यावरची एक म्हातारी उठली.

"टाकी भरते ना, गुरुजी?"

"भरते, आजी."

"मग नळ आमच्या घरी कशाला दिला? दावं बांधायला?"

लोक हसले, पण ते हसू टिकले नाही. खालच्या पाड्याचा एक गृहस्थ म्हणाला, पट्टी न देणाऱ्यांत वरचाच पाडा पुढे आहे. "पाणी द्या, पट्टी घ्या," म्हातारी म्हणाली आणि खाली बसली. अर्थशास्त्राची इतकी छोटी व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

दुसरा पेच याहून अवघड होता. आमच्याकडे भात कापून झाले, वाघबारस झाली, तारपा वाजून दिवाळी झाली, चवळी आणि करांदे उकडून खाल्ले, की घरांना कुलुपे लागतात. कुणी वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातो. तीसेक घरे महिनोन्‌महिने बंद. त्यातला एक जण उभा राहिला. "आम्ही भट्टीवरचं पाणी पितो. इथली पट्टी का द्यायची?" प्रश्न खोटा नव्हता. उत्तर मला सुचले नाही, सरपंचबाईंनाही नाही. उत्तर पुन्हा त्या म्हातारीनेच दिले. "तू परत येशील तेव्हा नळ जिता हवा ना?"

त्या दिवशी तीन गोष्टी ठरल्या. बंद घराला निम्मी पट्टी. पैसे दोन हप्त्यांत, एक दिवाळीत भात घरात आल्यावर आणि दुसरा पावसाच्या तोंडावर लोक परतल्यावर. कारण दरमहा हातात पैसा खेळतो तो नोकरदाराच्या, वारल्याच्या नव्हे. आणि जमेल त्यातून पहिला पैसा पाणीवाल्याला, मग बाकीचे. टुल्लू पंप काढायचेही ठरले. तो ठराव सर्वांत मोठ्या आवाजात मंजूर झाला आणि सर्वांत उशिरा अमलात आला.

वरच्या पाड्यासाठी माथ्यावर 5,000 लिटरची प्लास्टिकची टाकी बसवली. अठरा घरे, नव्वद माणसे, 4,950 लिटर. त्रैराशिक पुन्हा उपयोगी पडले. पंपापासून तिला वेगळी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह. मोठ्या टाकीच्या आधी ही भरायची, असा नियम. विजेचे बिल हलके व्हावे म्हणून सौर पंपही आला. दिवसा ऊन असताना तो चालतो. श्रावणात आभाळ भरले की जुनी वीज. पण सौर पंप म्हणजे फुकटचे पाणी, ही समजूत लवकरच गेली. काचांवर धूळ बसते, पक्षी बसतात, त्या पुसाव्या लागतात. शेवटी कुणाचा तरी हात लागतोच.

विहिरीला पाणी असेल तर हे सगळे. म्हणून दर दिवाळीच्या सुटीत आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घालतो. सिमेंटची रिकामी पोती, त्यांत वाळू-माती, एकावर एक रचून कमरेएवढी भिंत. पावसाचे पाणी ओढ्यात वाहते आहे तोवरच तो घालायला हवा. उशीर झाला की अडवायला काही उरत नाही. साचलेले पाणी मुरून विहिरीला लागते. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा घालावा लागतो. शहरातल्या एका पाहुण्याने विचारले, "दरवर्षी तेच काम? कंटाळा नाही येत?" मी म्हटले, "तुम्ही कंदील दरवर्षी लावताच ना?"

आमच्याच जिल्ह्यात सूर्या नदीवर धामणीचे मोठे धरण आहे. त्या नदीच्या पाण्यावर वसई-विरार आणि मिरा-भाईंदर या शहरांसाठी योजना आखली गेली : वसई-विरारला दिवसाला 18 कोटी 50 लाख लिटर, मिरा-भाईंदरला 21 कोटी 80 लाख. आमच्या टाकीचे 30,000 लिटर त्यापुढे पोहऱ्यातल्या थेंबाएवढे. तिकडेही माणसेच आहेत आणि भट्टीवर, बांधकामावर गेलेले आमचेच लोक ते पाणी पितात. तहानेला तालुका नसतो. पण दूरच्या शहराला कोट्यवधी लिटर पोचवणारी विद्या आपल्यापाशी असताना धरणाच्या जिल्ह्यातल्या माथ्यावरच्या अठरा घरांना पाच हजार लिटर मिळायला इतकी वर्षे लागावीत, याचे मला कोडे पडते. मोठ्या योजनेला इंजिनियर असतात, पहारा असतो. छोट्या योजनेला एक पाणीवाला आणि त्याची चावी. तिची तब्येत त्या एका माणसाच्या पगारावर अवलंबून असते.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्या घरी पाणी भरून ठेवले असेल. तुमच्या नळामागेही कुणीतरी पहाटे उठलेला असतो; त्याचे नाव तुम्हाला माहीत नसेल. पोस्टमनला, कामवाल्या बाईला आपण दिवाळीचे पोस्त देतो. त्या यादीत यंदा त्याचेही नाव घालता आले तर पाहा. आणि पाणीपट्टीची पावती आली की ती वेळेवर भरा. हेही एक लक्ष्मीपूजनच आहे.

आमच्याकडे या दिवाळीला वरच्या पाड्याच्या नळाला रोज वीस मिनिटे धार येते. पट्टी भरणारी घरे एकाहत्तर झाली आहेत. एकोणतीस राहिली आहेत. पाणीवाला अजून आहे. त्याने वापीला 'नाही' म्हणून सांगितलेले नाही, 'मागाहून येतो' म्हणून सांगितले आहे. पहिला हप्ता जमतो आहे. बंधाऱ्याची पोती भरून ओढ्याकाठी रचली आहेत, उद्या मुले येतील. पुढचे सगळे होळीनंतर कळेल.